शिमग्यातलं गाव, आषाढातलं गाव

‘मसणात जा’ असं आमच्याकडे कोणी कोणाला रागाने म्हणालं की माझी बायको हसते. ‘आमच्याकडचे रोजच जात होते,’ म्हणते. तिचं खोटं नाही. मी पेशाने आर्किटेक्ट. रत्नागिरीत उभी हयात गेली. बागायतदारांचे बंगले केले, शाळा केल्या, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या शेडी केल्या. पण निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत माझ्या ऑफिसाकडे गावोगावच्या स्मशानशेडींची कामं येऊ लागली आणि लोक मला त्याच नावाने ओळखू लागले. लग्नकार्यात कोणी ओळख करून द्यायचं, ‘हे आपले शेडवाले.’ समोरचा विचारायचा, ‘कसल्या शेडी?’ मग ओळख करून देणारा घाईघाईने जिलबी वाढणाऱ्याला हाक मारायचा.

या कामात एक सुख मात्र आहे. ज्याच्यासाठी बांधायचं ते गिऱ्हाईक कधी तक्रार घेऊन परत येत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो असा: ‘तुमच्या क्षेत्रातली सर्वसमावेशक संघबांधणी.’ शब्द ऐकूनच धडकी भरली. मी म्हटलं, अहो, मी संघ वगैरे काही बांधला नाही. माझ्याकडे माणसं टिकेनात म्हणून मिळाली ती घेतली. ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहितो.

सुरुवातीला ऑफिसात मी आणि माझा भागीदार विनायक. दोघं एका आळीतले, एका शाळेतले, एका बाकावरचे. हाताखाली दोन ड्राफ्ट्समन, तेही पुढच्याच आळीतले. आमच्यात कधी भांडण झालं नाही. कुठलाही प्रश्न आला की पाच मिनिटांत चौघांचं एकमत. मला त्याचा फार अभिमान होता. चौघांना सुचणार तेवढंच आणि एकच सुचत होतं, म्हणून एकमत होत होतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

विनायक मुलाकडे पुण्याला गेला, ड्राफ्ट्समनही बरा पगार बघून पांगले. पेपरात जाहिरात दिली तेव्हा दोघंच आले. पहिला इम्तियाज. खाडीकाठच्या गावातला, बरीच वर्षं आखातात मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढून परत आलेला. माझ्या ऑफिसाच्या मानाने फारच वरचा माणूस. मी विचारलं, ‘इथे काय मिळणार तुम्हाला?’ तर म्हणाला, ‘आई मिळेल, सर. घरून येऊन-जाऊन करता येईल. फक्त शुक्रवारी दुपारी मला थोडा वेळ लागेल.’ दुसरी प्रणाली. संगमेश्वरच्या आतल्या अंगाला डोंगरातलं गाव, शेतकरी घर, वडील आणि दोन्ही भाऊ मुंबईत. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. मी वडीलकीच्या सुरात म्हटलं, ‘बाळ, साइटवर चढउतार फार असते.’ ती म्हणाली, ‘सर, मी दहावीपर्यंत शाळेत तशीच गेले. तुमचं काय, तुम्हाला जमतं ना?’

मी दोघांना घेतलं. आळीत थोडी कुजबुज झाली. ऑफिसात डब्याचा प्रश्नही आला, कारण इम्तियाजच्या डब्यात सुका बांगडा आणि माझ्या डब्यात दुधी. त्याने आपण होऊन खिडकीशी बसायला सुरुवात केली. आठवड्याने प्रणाली आपला डबा घेऊन खिडकीशी गेली. मी एकटाच टेबलाशी उरलो. मग मीही खुर्ची सरकवली. वासाची सवय झाली, चवीची नाही.

या दोघांमुळे काय फरक पडला ते पहिल्यांदा कळलं पोफळीच्या एका गृहस्थांमुळे. ते तिथल्या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालेले. वीजघर डोंगराच्या पोटात. जन्मभर दिव्याच्या उजेडात काम केल्यामुळे त्यांना दिवसाचा उजेड सोसेना. त्यांनी मला सांगितलं, ‘घराला खिडक्या नकोत.’ मी आपला गिऱ्हाइकाचा शब्द प्रमाण मानून खिडक्या कमी करत बसलो. प्रणालीने विचारलं, ‘सर, यांच्या मिसेस काय म्हणाल्या?’ मी म्हटलं, ‘त्या कधी आल्याच नाहीत.’ तिने परस्पर फोन लावला. पलीकडून जो आवाज आला तो मला टेबलापलीकडे ऐकू आला. बाई म्हणत होत्या, ‘मी काय त्या बोगद्यात नोकरीला होते?’ शेवटी एका खोलीला खिडकी नाही आणि बाकी घर सगळं उजेडाचं, असा तोडगा निघाला. दोघंही अजून मला आंबे पाठवतात, वेगवेगळ्या पेट्या.

आता मुख्य गोष्ट. सावर्ड्यापासून आत बऱ्याच अंतरावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, माणसं हयात आहेत. गावाला स्मशानशेड आणि तिथवरची वाट मंजूर झाली आणि काम आमच्याकडे आलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात आर्किटेक्टचं काय अडलंय? चार खांब, वर पत्रा, खाली चौथरा, त्यावर लोखंडी सांगाडा. बरोबरच आहे. शेडीचा नकाशा ठरलेलाच असतो. खरं काम वाटेचं. आमच्याकडची गावं डोंगरउतारावर. वर डांबरी रस्ता, त्याच्या खाली वाडी, वाडीच्या खाली नदी आणि नदीकाठी स्मशान. रस्त्यापासून नदीपर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट उतरते, तिला पाखाडी म्हणतात. पावसात तिच्यावर शेवाळ धरतं आणि मोकळा माणूससुद्धा जपून पाय टाकतो. खांद्यावर तिरडी असेल तर विचारूच नका.

गावातले मुख्य गावकर, म्हणजे पहिल्या मानाचे मानकरी, तात्या. सत्तरीचे, आवाज खणखणीत, वाटेच्या दोन्ही अंगांना त्यांचीच काजूची बाग. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘सायेब, शिमग्याला या. सगळा गाव भेटंल.’ मलाही ते पटलं. सगळे एका जागी असताना काम होईल, म्हटलं. प्रणाली शिमग्याला तिच्या गावी गेलेली, म्हणून मी आणि इम्तियाज गेलो.

गाव नुसतं फुलून आलं होतं. पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या तिच्या मानाच्या ओट्यावर बसलेली, ढोल चाललेले, मुंबईहून आलेली तरणी पोरं एकेका वेळी पालखी खांद्यावर घेऊन नाचवताहेत. सभा झाली. चांगल्या रुंद, घडीव दगडाच्या पायऱ्या हव्यात, चार खांदेकरी दोन्हीकडून मोकळे चालले पाहिजेत, आणि खाली शंभरेक माणसांना बसायला बाकडी हवीत, असं ठरलं. कोणाचा विरोध नाही. एकमत. मला जुने दिवस आठवून बरं वाटलं.

परत येऊन नकाशा केला. इम्तियाजने तो इतका सुरेख काढला की भिंतीवर लावावा. प्रणाली रजेवरून आली, आमच्यासाठी जत्रेतलं गोड खाजं घेऊन आली. खाजं खाता खाता मी तिला फोनमधले फोटो दाखवले. ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘सर, हे फोटो शिमग्यातले ना?’

‘मग कधीचे असणार?’

‘आपण शिमग्यातलं गाव मोजलंय, सर. हे गाव पालखीला खांदा देतं. मड्याला खांदा द्यायला हे नसतं. ही सगळी पोरं आता विरार, नालासोपारा, भांडुपला परत गेली असतील. आमच्या गावची पण गेली.’

ती पुढे म्हणाली, ‘तुम्ही आषाढात जाऊन बघा. कोण असतं ते.’

मला गावाकडचं असं कधीच ठाऊक नव्हतं, मी शहरातला. इम्तियाजला शिमगा ठाऊक नव्हता. आणि जिला दोन्ही ठाऊक होतं ती शिमगा म्हणूनच नेमकी रजेवर. नकाशा दुसऱ्या दिवशी सादर व्हायचा होता. तो गुंडाळून मी कपाटावर ठेवून दिला. अजून वेळ होता, एवढंच मनात आलं.

आषाढात पुन्हा जायचं ठरलं. तात्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘या. पन तुमच्याकडं कोन पोरगी हाय म्हनतात, ती नको. बाईमानूस आमच्यात नदीवर जात नाय. घरातलं मडं असलं तरी विसाव्यापरेंतच.’

विसावा म्हणजे अर्ध्या वाटेवरची जागा. तिथे तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात. बायका तिथवर येतात आणि तिथून मागे फिरतात. पुढची वाट पुरुषांची.

मी अडचणीत आलो. गावाने नाही म्हटलं तर काम दुसऱ्याकडे जाणार. प्रणाली म्हणाली, ‘मी नाही आले तर चालेल, सर. पण बायकांशी बोलणार कोण? तुमच्याशी त्या बोलणार नाहीत. तुम्ही गेलात की त्या डोक्यावरचा पदर नीट करून आत जातील.’ तिचा आवाज शांत होता, पण नखाने ती पेन्सिलीचा रंग खरवडत होती. इम्तियाजने सरळ सांगितलं, ‘जायचं तर तिघांनी. खाली मी उतरतो, ती वाडीत थांबेल.’ तात्यांना तसं कळवलं. ‘वाडीत थांबली तर आमची हरकत नाय,’ म्हणाले.

गेलो तर गाव ओळखू येईना. सहाणेवर एक कुत्रा. शेतात लावणी चाललेली, त्यात सगळ्या बायका. शिमग्याच्या गर्दीत तात्यांनी इम्तियाजचं नाव विचारलं नव्हतं, ते आता विचारलं आणि जरा थबकले. ‘तुमी आमच्या मसनात?’

इम्तियाज म्हणाला, ‘तात्या, आमच्याकडे पावसात कबर खणायला माणूस मिळाला नाही तर तुमच्याच लोकांपैकी कोणीतरी कुदळ घेऊन येतो. माझे अब्बा गेले तेव्हा आला होता. मी तर नुसतं मोजायला आलोय.’

तात्यांनी ‘बरं बरं’ केलं आणि छत्री उघडली.

प्रणाली विसाव्याच्या वरच्या शेवटच्या घरात थांबली. ते घर चंद्राकाकींचं. साठी उलटलेली बाई, नवरा सखाराम अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. दोन मुली, दोघीही दिल्या घरी, मुलगा नाही. तासाभराने आम्ही वर आलो तेव्हा प्रणाली चुलीपाशी बसून चहा पीत होती आणि काकी बोलत होत्या. आम्हाला बघून थांबल्या. प्रणाली म्हणाली, ‘काकी, बोला, हे आपलेच.’ मग त्या माझ्याकडे न बघता, चुलीकडे बघत बोलल्या.

‘माजा एकच सवाल हाय, सायेब. ह्यांना न्हेनार कोन? मागल्या पावसात शेजारची म्हातारी गेली. दुसऱ्या वाडीतनं मानसं येईपरेंत ती दिवसभर पडवीत. पाखाडीवर एकाचा पाय सरकला नि तिरडी कलंडली. मी विसाव्यावरनं बगितलं. तवापासनं मला झोप नाय.’ मग आतल्या खोलीकडे मान करून हळूच म्हणाल्या, ‘त्यांनी पन ऐकलंय ता. ते मला रोज इचारतात, माजा काय करनार गो?’

आतून सखारामबुवांचा आवाज आला, अडखळत पण स्पष्ट. ‘मला शिमग्यात मराया सांग.’

काकी हसल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी शाळेत सभा लावली. आलेल्या बहुतेक बायका, लावणीवरून तशाच आलेल्या, भिंतीला टेकून बसलेल्या. पुढे खुर्चीवर तात्या. इम्तियाजने नवी कल्पना मांडली. पायऱ्या काढून टाकायच्या. रस्त्यापासून नदीपर्यंत वळणावळणाने उतार करायचा, आणि त्याच्यावरून ब्रेक लावलेली, चार चाकांची गाडी. आखातात प्रत्येक इमारतीला चाकाच्या खुर्चीसाठी उतार काढावाच लागायचा, त्यामुळे त्याला हे हातातलं काम. उतार सौम्य हवा तर वाट लांबते, लांबली तर वळवावी लागते, आणि वळवली तर जमीन जास्त लागते. जमीन तात्यांची.

तात्या उसळले. ‘गाडीवर? गाडीवर काय भाताची पोती न्हेताव? आमच्या गावात मानूस खांद्यावरनं जातो. खांदा नाय मिळाला तर त्या मेल्याचा जन्म फुकट गेला!’

प्रणाली उठली. आवाज चढवला नाही. ‘तात्या, आज या घटकेला गावात खांदा द्यायला कोण कोण हाय? तुम्ही नावं सांगा, मी ऐकते.’

‘हाय की! हा आपला बाळू...’

‘बाळू इरारला,’ भिंतीकडून एक आवाज.

‘मग दत्ता हाय.’

‘दत्त्याचा गुडगा बदलायचाय. तो सवता काठी धरून चालतो.’

‘काशिनाथाचा मोटा...’

‘तो गनपतीला येनार.’

तात्या बोटांवर मोजत चालले, आणि प्रत्येक बोटाला भिंतीकडून उत्तर. आधी बायका दबकत बोलत होत्या, मग मोकळ्या झाल्या, मग हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, ‘तात्यानू, तुमचा सवताचाच खांदा धरा आता.’ तात्यांनी हात खाली केला. ते बाहेर पावसाकडे बघू लागले. मला वाटलं, उठून जातील आणि काम गेलं.

ते चिडूनच म्हणाले, ‘मग काय आता सुनांनी खांदा द्यायचा?’

‘का नाय द्यायचा?’ हे चंद्राकाकी म्हणाल्या. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्याही घाबरल्यासारख्या झाल्या, पण खाली बघितलं नाही.

पंचाईत सोडवली इम्तियाजने. तो म्हणाला, ‘तात्या, घरातून अंगणापर्यंत खांदा द्या. खाली शेवटच्या चार पावलांनाही खांदा द्या. मधल्या वाटेवर गाडी, आणि सोबतच्या सगळ्यांनी गाडीला हात लावायचा. खांदा सुटला असं होणार नाही.’ तात्यांनी यावर पुष्कळ विचार केला. शेवटी दोन अटी घातल्या. काजूची जेवढी कलमं वाचवता येतील तेवढी वाचवा, आणि नव्या वाटेला पाखाडीच म्हणा, स्मशानरस्ता असं पाटीवर लिहू नका. ‘त्याच वाटंनं पोरं शाळंत जातात,’ म्हणाले. दोन्ही अटी मला मनापासून आवडल्या.

दुसऱ्या दिवशी पातळी काढायची होती. म्हणजे तीन पायांवर दुर्बिणीसारखं यंत्र लावायचं, समोर दुसऱ्याने उंच पट्टी उभी धरायची, आणि पट्टीवरचा आकडा वाचून जमीन किती उतरली ते काढायचं. पट्टी धरायला माणूस लागतो. तात्यांनी मदतीला दोन गडी कबूल केले होते. एकाला ताप, दुसरा नांगरावर. मग पट्टी कोणी धरायची? प्रणाली यंत्रावर होती, इम्तियाज कलमं चुकवत वळणं आखत होता, माझ्या हातात आकड्यांची वही. चंद्राकाकी परसातून हे बघत होत्या. ‘आण गो इकडं,’ म्हणाल्या आणि पट्टी धरून उभ्या राहिल्या.

एक आकडा झाला की पट्टी चार पावलं खाली जायची, मागोमाग यंत्र. काकी उतरत गेल्या, प्रणाली उतरत गेली. आम्ही पुरुष आपापल्या कामात गुंग. विसाव्याशी पट्टी थांबली. प्रणालीने हाताने ‘खाली’ अशी खूण केली. काकी हलल्या नाहीत. पट्टी सरळ धरलेली, पण पाय जागचे हलेनात. ‘माज्यानं हितनं फुडं नाय व्हनार, बाय,’ म्हणाल्या. कोणी आग्रह केला नाही. शेजारच्या घरातली एक सून पुढे आली, तिने पट्टी घेतली आणि ती पार नदीपर्यंत गेली. प्रणालीही यंत्र घेऊन गेली. दोघी चौथऱ्याच्या जागेपाशी उभ्या राहिल्या तेव्हा मी वर बघितलं. तात्या बागेच्या बांधावर छत्री घेऊन उभे होते. सगळं बघत होते. त्यांनी हाक मारली. ते म्हणाले, ‘झाला काय काम? चाय घेऊन जावा.’

हिवाळ्यात काम सुरू झालं आणि पावसाच्या आधी पुरं झालं. गाडी मिरजोळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. तो कारागीर एरवी मासळीच्या क्रेटच्या गाड्या करायचा. त्याने इम्तियाजला विचारलं, ‘माल काय न्यायचा आहे?’ इम्तियाज म्हणाला, ‘माणूस.’ त्यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही, पण चाकं फार चांगली लावली.

मग पुन्हा पावसाळा आला. एका सकाळी प्रणालीला काकींचा फोन. सखारामबुवांना रात्रीपासून नीट श्वास घेता येत नव्हता. वर रस्त्यावर रुग्णवाहिका आलेली, पण डोली करून वर चढवायला माणसं नाहीत. वाडीतल्या बायकांनी विसाव्याशी ठेवलेली गाडी काढली. तात्या आडवे आले. ‘अगो, ती मड्याची गाडी. जित्या मानसाला तिच्यावर घालताव काय?’

‘अजून मडं चडलंय काय तिच्यावर?’ काकी म्हणाल्या. ‘आदी जिता न्या. मेला न्यायचा तवा न्या.’

बायकांनी गाडी ढकलली. उतार होता म्हणून चढ होता, आणि चढ सौम्य होता म्हणून ती चढली. मागून ढकलणाऱ्यांत शेवटी तात्याही होते असं प्रणालीने सांगितलं. सावर्ड्याच्या दवाखान्यात बुवा काही दिवस राहिले आणि घरी आले, त्याच गाडीवरून, उशाला उशी घेऊन. बातमी सांगताना प्रणाली ऑफिसात रडायलाच लागली. इम्तियाज तिच्यासाठी पाणी आणायला उठला आणि बराच वेळ आलाच नाही. मी नुसता खुर्चीत बसून होतो. मला इतकं हलकं वाटत होतं की त्या दिवशी मी एकही रेघ ओढली नाही.

त्याच्या आधी मी केलेल्या शेडी अजून उभ्या आहेत, पायऱ्यांसकट. त्यांचं वाईट वाटतं. पण त्यानंतरच्या प्रत्येक गावात आम्ही दोनदा गेलो, एकदा सणाला आणि एकदा लावणीत, आणि प्रत्येक वेळी तिघंही. अधिकारी विचारायचे, ‘एवढ्याशा कामाला एवढी माणसं?’ मी म्हणायचो, ‘एकमत टाळायला लागतात.’ त्यांना ती थट्टा वाटायची. ऑफिस आता ते दोघंच चालवतात. मी कधीमधी दुपारी जाऊन खिडकीशी डबा खातो.

सखारामबुवा पुढच्या आषाढात गेले, झोपेत. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरून अंगणापर्यंत चार खांदे मिळाले, त्यात एक तात्यांचा आणि एक तात्यांच्याच सुनेचा. पुढे गाडीला सगळ्यांचे हात. गाडी कुठे अडली नाही, पाय कोणाचा सरकला नाही. हे सगळं मला प्रणालीने सांगितलं, आणि म्हणाली, काकींना तुमच्याशी बोलायचंय.

मी फोनवर नेहमीचं काहीतरी बोलू लागलो. काकींनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘सायेब, माजी सासू गेली, माजी आई गेली. त्यांचे घोव त्यांच्या आदी गेलेले. त्या दोगींनाबी आपला मानूस कुटं गेला ता कंदीच दिसला नाय. विसाव्यावरनं परत यायच्या आनि रातभर दाराकडं बगत बसायच्या. मी गेले. गाडीला हात लावून पार खालपरेंत गेले. जागा चांगली हाय. नदी जवळ हाय, वर छप्पर हाय. ते कुटं हायत ता मला ठाऊक हाय. काल रातीला मी झोपले.’